तीन मजली डबा

राजापेठेतल्या पुराणिकांच्या घरी लोक दोन कामांसाठी येतात. खाली हेमचंद्रगुरुजींकडे मुहूर्त विचारायला, आणि वर त्यांच्या मुलीकडे, चारुताकडे, बंद पडलेलं काहीतरी दुरुस्त करून घ्यायला. पुष्कळदा एकच माणूस दोन्ही कामं उरकतो. बिघडलेला इन्व्हर्टर वर पोचवतो आणि खाली येऊन विचारतो, गुरुजी, वास्तुशांत कधी धरू? वास्तुशांतीची तारीख गुरुजी पंचांग न उघडता सांगतात. इन्व्हर्टर कधी होईल ते मात्र सांगत नाहीत. ते खातं आपल्याकडे नाही, असं म्हणून जिन्याकडे बोट दाखवतात.

चारुता चाळिशीला टेकली आहे. चण लहान, चष्मा कायम कपाळावर चढवलेला, आणि उजव्या हाताच्या बोटांना सोल्डरिंगच्या चटक्यांचे जुने-नवे डाग. लहानपणी मामाने बोलणारी बाहुली आणून दिली, तर हिने संध्याकाळपर्यंत बाहुलीचं पोट उघडून तिचा आवाज शेजारच्या सायकलच्या घंटीत बसवला होता. लग्नाचं विचारून विचारून गल्ली दमली आणि शेवटी गल्लीनेच तो विषय सोडून दिला. बरीच वर्षं ती कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवत असे. शिकवायची चांगलं, पण घरी येताना तोंड कडू करून यायची. एके दिवशी तिने क्लास सोडला आणि वरच्या खोलीत टेबल मांडून बसली. क्लासचे मालक मोठे चिवट गृहस्थ. अजूनही रस्त्यात दिसले की म्हणत, "मॅडम, तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय हो! कधीही या." त्या खुर्चीचं नाव काढलं की चारुता पलीकडच्या फुटपाथवर जाई.

दुरुस्त्या करता करता तिने स्वतःच्या डोक्याने एक यंत्र बनवलं होतं, संत्री निवडण्याचं. पट्ट्यावरून संत्री एकामागोमाग येतात, एकेक संत्रं एकेका पेल्यात बसतं, पेला वजन घेतो आणि आपल्या मापाचा खण आला की उलटून त्याला टपकन खाली सोडतो. मोठ्या कंपन्यांची अशी यंत्रं असतातच, पण ती मावायला गोदाम लागतं. चारुताचं यंत्र शेतकऱ्याच्या शेडमध्ये मावत होतं. ते जगात एकच होतं आणि ते होतं शेंदूरजनाघाटला, मनकर्णाबाईंच्या शेडमध्ये.

मनकर्णाबाई म्हणजे संत्र्याच्या बागांच्या मालकीण. वय साठीच्या पुढे, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचणारा. आपला माल स्वतः तोडायचा, स्वतः निवडायचा आणि व्यापाऱ्याशी स्वतःच भांडायचं हा त्यांचा शिरस्ता. यंत्र आलं तेव्हा त्यांनी पट्ट्यावर पहिलं संत्रं स्वतः सोडलं, ते बरोबर खणात पडलेलं पाहिलं, आणि चारुताच्या पाठीत असा काही धपाटा घातला की तिचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "जमते व पोरी तुले!" असं त्या म्हणाल्या. चारुताला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं.

आता त्या डब्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यातच घडलं. यंत्राचं डोकं म्हणजे पट्ट्याखाली टांगलेला पत्र्याचा डबा. जागा एवढीशी, म्हणून चारुताने आत तीन छोटे सर्किट बोर्ड एकावर एक रचले होते. तळमजल्यावर वीज, मधल्या मजल्यावर वजनाचा हिशोब, आणि वरच्या मजल्यावरून कुठला पेला कधी उलटायचा याचे हुकूम सुटणार. या मजल्यांना जोडणारे जिने म्हणजे कनेक्टर. एका बोर्डाला पिनांची रांग, दुसऱ्याला तेवढ्याच भोकांची रांग. दाबलं की बसलं, ओढलं की निघालं. ऐन हंगामात एखादा बोर्ड गेला तर तेवढाच काढून दुसरा लावता यावा, म्हणून ही सोय. त्यासाठी चारुताने बाजारात कुठेही मिळते ती साधी बर्ग पट्टी वापरली होती. सगळेच वापरतात, तशी तिनेही वापरली. डब्यावर तिने ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, ‘उघडू नये’, आणि ती निर्धास्त झाली. आपल्याकडे अशी चिठ्ठी कोण वाचतं, हा विचार भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या मनात आला नाही.

आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतर पिकणाऱ्या संत्र्यांची, तोड सुरू झाली आणि पाठोपाठ दसरा आला. दसऱ्याच्या संध्याकाळी चारुताचा फोन वाजला.

"पोरी, तुयं यंत्र रुसलं व. बटन दाबलं तं हूं का चूं करत नाई."

सकाळच्या पहिल्या गाडीने चारुता शेंदूरजनाघाटला पोचली. शेडबाहेर व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता, आत संत्र्यांचा ढीग छातीपर्यंत आला होता, आणि बाया जुन्या पद्धतीने हाताने माल निवडत होत्या. चारुताने डबा उघडला आणि ती बघतच राहिली. तिन्ही बोर्डांना मधोमध हळद लावलेली, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता. मधल्या मजल्यावर एक आपट्याचं पान निवांत झोपलेलं. आणि वरचा बोर्ड परत बसवताना एक भोक बाजूला सरकलेला. एका टोकाची पिन बाहेर लोंबत होती आणि बाकी सगळ्या चुकीच्या भोकांत अगदी आनंदाने जाऊन बसल्या होत्या. बटण दाबल्याबरोबर वरचा बोर्ड जळाला होता.

"काकू, हे कोणी उघडलं?"

"म्या उघडलं. दसरा होता नं. विळे, कातऱ्या, काटा, टॅक्टर, साऱ्याची पूजा केली. मंग याची नाई करा लागत?"

"पण डब्यावर लिहिलंय ना, उघडू नये म्हणून! पूजा करायचीच होती तर डब्याला बाहेरून कुंकू लावायचं."

मनकर्णाबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शिकलीसवरली पोर आणि हे काय बोलते. "डब्याले लावलंच. पन थे तं देवळाच्या दाराले हात जोडून वापस येनं झालं. कष्ट तं आतमंदी हे तिघं भाऊ करून राहिले. एकाले लावलं अन् दोघाले नाई, हे बरं दिसते का? म्हून एकेक काढला, पुसला, कुकू लावलं, वापस बसवला."

चारुताला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिने सरळ पिशवीत हात घातला. जादा बोर्ड तिने आणलाच होता. तो बसवला, यंत्र सुरू झालं, ट्रक भरला. पण तोवर शेजारच्या शेडचे नत्थुजी दारात येऊन उभे राहिले होते. गावातले आणखी काही जण या यंत्रावर नजर ठेवून आहेत हे चारुताला ठाऊक होतं. नत्थुजी मान हलवत म्हणाले, "ज्या यंत्राले पूजा सोसत नाई, थे कायचं यंत्र?"

मनकर्णाबाईंना ते झोंबलं. नत्थुजी गेल्यावर त्यांनी चारुताला समोर बसवलं.

"पाय पोरी, हा हंगाम हाताशी हाय तं निभवून नेते. पन पुढल्या दसऱ्याले मी पुन्हा उघडीन. तिघालेबी कुकू लावीन अन् मायाच हातानं वापस बसवीन. चाललं तं यंत्र माया शेडात राह्यलं, जिंदगीभर. नाई चाललं तं घेऊन जाजो. मले आपल्या घरात पूजा न चालनारी वस्तू नाई पायजे."

परतीच्या गाडीत चारुताने सारखा तोच विचार केला. यंत्र परत आलं तर शेंदूरजनाघाटात तिचं दुसरं यंत्र कोणी घेणार नव्हतं, आणि दुसरं यंत्र जाणार नसेल तर वरची खोली बंद करून पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसायचं. खुर्ची मालकांनी पुसूनसुद्धा ठेवली असेल.

घरी आल्यावर तिने पहिला विचार केला तो पोलिसी. डब्याला असे स्क्रू लावायचे की गावातल्या कुठल्याच पान्याने निघणार नाहीत. त्याहून बरं म्हणजे आत राळ ओतून तिन्ही मजल्यांचा एकच ठोकळा करून टाकायचा. जेवताना तिने हे गुरुजींना सांगितलं आणि वर एक मागणंही घातलं. "बाबा, तुम्हीच त्यांना सांगा ना, की शास्त्रात विजेच्या वस्तूंना बाहेरूनच कुंकू लावतात. तुमचं ऐकतील त्या."

गुरुजींनी घास खाली ठेवला. "मी जन्मभर लोकांना पूजा करा, पूजा करा म्हणत आलो. आता एक बाई मनापासून करतेय, तिला करू नको म्हणून सांगू? आणि तेही खोटं शास्त्र सांगून?" मग घास उचलत ते म्हणाले, "शिवाय, तो ठोकळा उद्या बिघडला तर तू तरी कसा उघडणार गं?"

चारुता चिडून ताट उचलून गेली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी देवपूजा करत होते आणि ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. हे दृश्य तिने जन्मभर पाहिलं होतं, पण पाहिलेलं सगळं दिसतंच असं नाही. गुरुजींना आता डोळ्यांनी कमी दिसतं. ते देव ताम्हनात काढतात, स्नान घालतात, पुसतात आणि परत ठेवतात, आणि आजवर एकदाही बाळकृष्णाच्या जागी अन्नपूर्णा गेलेली नाही. कारण देव्हाऱ्यातल्या लाकडी पाटाला आजोबांनी सुताराकडून खाचा कोरून घेतल्या होत्या. बाळकृष्णाची खाच गोल, अन्नपूर्णेची चौकोनी, शंखाची लांबट. ज्याने त्याने आपल्याच घरी जायचं, दुसऱ्याच्या घरात कोणी मावतच नाही. गुरुजी पाटावर बोट फिरवत, खाच सापडली की देव टेकवत आणि पुढचं स्तोत्र धरत. देव रोज बाहेर काढायचे असतात हे त्या सुताराला माहीत होतं, म्हणून त्याने ते परत ठेवण्याची सोय केली होती.

चारुताचा चहा थंड झाला. खाच असलेले कनेक्टर असतात हे काय तिला माहीत नव्हतं? पोरांना शिकवण्याइतकं माहीत होतं. पण आजवर तिने स्वतःच्या हाताचा विचार करून कनेक्टर निवडले होते, आणि डबा उघडणार होता दुसराच हात. त्या दिवसापासून तिने डबा बंद कसा राहील हा विचारच सोडला. तो उघडल्यावर नीट मिटेल कसा, एवढंच तिने धरलं. राळेचा डबा तिने जिन्याखाली सारला.

विदर्भातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला काही हवं असेल आणि ते अमरावतीत मिळत नसेल, तर तो एकदा अकोल्याला जठारपेठेत गोवर्धनभाऊंच्या दुकानी जाऊन पाहतो. दुकान एवढंसं, पण मागच्या भिंतीला छतापर्यंत लहान लहान खण, आणि कुठल्या खणात काय हे फक्त गोवर्धनभाऊंना ठाऊक. चारुता अकोल्याला जाणार हे बोलण्याबोलण्यात मनकर्णाबाईंना कळलं. त्यांची लेक पौर्णिमा जठारपेठेतच दिलेली.

"मीबी त्याच दिवशी येते लेकीकडं," त्या फोनवर म्हणाल्या. "दुकान मलेबी दाव."

"काकू, ते सगळं फार बारीक असतं. कंटाळाल."

"कायले कंटायते? लुगडं घ्याचं असलं तं नेसनारीले संग नेते का नाई?"

तर अशा रीतीने जठारपेठेतल्या त्या दुकानात, जिथे बाया सहसा फिरकत नाहीत, तिथे एकदम दोघी जणी अवतरल्या. मनकर्णाबाईंनी आल्या आल्या एकुलतं एक स्टूल ताब्यात घेतलं आणि बांगड्या भरायला बसल्यासारखे दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "दाव भाऊ, काय काय हाय तुयाजवळ."

गोवर्धनभाऊ आधी गडबडले. मग त्यांनाही मजा वाटू लागली आणि त्यांनी खणामागून खण उपसायला सुरुवात केली. चारुताने पिशवीतून कोरे बोर्ड काढले. ती एकेक कनेक्टर त्यांवर ठेवून बाईंच्या हातात देई आणि म्हणे, "काकू, डोळे मिटा आणि बसवून दाखवा."

पहिली ती जुनीच बर्ग पट्टी. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून दाबली आणि ती पुन्हा एक भोक सोडून बसली. "पायलं? याच्यात तं कोनी बी कोठी बी घुसते. मायी काय चूक होती व?"

मग आला चहूबाजूंनी भिंत असलेला, एका बाजूला खाच असलेला. चुकीचा बसेच ना. चारुता खूश झाली. पण काढायची वेळ आली तेव्हा मनकर्णाबाईंनी दात-ओठ खाऊन ओढला, बोर्ड सुटून त्यांच्या हातात आला आणि कोपर मागच्या गिऱ्हाइकाच्या पोटात बसलं. "याले काढाले बैल जुपा लागते," त्यांनी निकाल दिला, आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "लागलं का बाप्पा? तू इतक्या जवळ काहून उभा राहतं?"

मग गोवर्धनभाऊंनी अतिशय नाजूक, मोबाइलमध्ये असतात तसले कनेक्टर चिमट्याने धरून दाखवले. ते चारुताचे लाडके. काय सुबक काम होतं ते! मनकर्णाबाईंनी ते तळहातावर घेतले आणि श्वास सोडल्याबरोबर त्यातला एक उडाला. तो काही शेवटपर्यंत सापडला नाही.

दुपारचा चहा झाला. पौर्णिमाकडून जेवायला चला म्हणून दोनदा निरोप आला आणि दोनदा परत गेला. दुकानात गर्दी जमली होती आणि प्रत्येक जण आपापलं मत देत होता. शेवटी गोवर्धनभाऊ शिडीवर चढले आणि वरच्या खणातून एक धुळकट खोका काढून म्हणाले, "ताई, हे कोणी नेत नाही म्हणून वर टाकले होते. बघा बरं."

त्या कनेक्टरला भिंत होती, भिंतीला खाच होती, आणि दोन्ही टोकांना लवचिक जिभा होत्या. मनकर्णाबाईंनी डोळे मिटले. अंगठ्याने कड चाचपली, बोर्ड सरकवत नेला, खाच सापडली आणि त्यांनी दाबलं.

कट्.

त्यांनी डोळे उघडले. जिभा दोन बोटांनी दाबल्या, बोर्ड अलगद निघाला. पुन्हा बसवला. कट्. पुन्हा काढला, उलटा धरून बसवून पाहिला, तो काही केल्या जाईना. सुलटा केला. कट्. लहान मूल टाळी शिकतं तशा त्या पुन्हा पुन्हा तेच करत राहिल्या आणि दर वेळी सगळ्या दुकानाकडे बघून हसत राहिल्या.

"हे बोलते व! बसलं तं बसलं म्हून सांगते. मले हेच पायजे."

"पिनांना सोन्याचा मुलामा आहे," गोवर्धनभाऊ म्हणाले. "हादऱ्याने घासून खराब होत नाहीत."

"सोन्याचा?" मनकर्णाबाईंनी चारुताचा मोकळा गळा न्याहाळला. "यंत्राले सोनं घालून राहिली, अन् सोताच्या गळ्यात पोत नाई. तुया बापाले सांगा लागते."

सगळं दुकान हसलं, चारुतासुद्धा. इतक्या आनंदात तिने आयुष्यात कुठलीच खरेदी केली नव्हती. आणि त्या आनंदाच्या भरात तिने एकच गोष्ट केली नाही. कनेक्टरची उंची मोजली नाही.

राजापेठेत येऊन तिने नवे बोर्ड जुळवले तर मधला मजला खाली टेकेना. तळमजल्यावरचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा ठोकळा, उंच आणि कनेक्टर बुटका, म्हणजे छताला डोकं लागत होतं. एवढी शिकलेली बाई, पण खरेदीला गेली की बाकीच्या बायांसारखीच माप विसरून आली, असं गुरुजींनी ऐकवलं. चारुताने गोवर्धनभाऊंना फोन लावला. त्याच घराण्यातला उंच कनेक्टर असतो, पण तो मागवावा लागेल, असं ते म्हणाले. तो यायला बरेच दिवस लागले. ती रोज फोन करी आणि ते रोज तितक्याच शांतपणे नाही म्हणत. शेवटी एकदाचे उंच कनेक्टर आले. या वेळी तिने तळ आणि मधला मजला यांच्यात रुंद कनेक्टर घातला, मधला आणि वरचा यांच्यात अरुंद. बाळकृष्णाच्या घरात अन्नपूर्णा जायला नको.

राहता राहिला हादरा. संत्री पडताना पट्टा सारखा थरथरतो. तेवढा थरथराट अमरावतीत कुठून आणायचा? गल्लीतल्या सूर्यभानच्या पिठाच्या चक्कीने ती अडचण सोडवली. चारुताने डबा चक्कीच्या अंगाला तारेने बांधला, वर एक हिरवा दिवा लावला आणि सूर्यभानला सांगितलं, की दिवा विझला तर मला हाक मार. दळण घेऊन येणाऱ्या बाया विचारत, हे काय लावलं? सूर्यभान गंभीर चेहऱ्याने सांगे, "चक्कीचं बीपी मोजून राहिलो." डबा पिठाने पांढरा झाला, उन्हाळा गेला, गणपती बसले आणि उठले, पण दिवा काही विझला नाही.

आणि दसरा आला.

चारुता आदल्या दिवशीच जाऊन नवा डबा यंत्राला बसवून आली होती. दसऱ्याला ती पुन्हा शेंदूरजनाघाटला पोचली तेव्हा शेडला तोरण बांधलेलं होतं, बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, आणि विळे, कातऱ्या, काटा सगळं झेंडूच्या फुलांत मांडलेलं होतं. नत्थुजी दाराशी हाताची घडी घालून उभे होते. कनेक्टर निवडण्यात आपण चूक केली नाही हे चारुताला ठाऊक होतं, पण जादा बोर्ड तिने या वेळीही पिशवीत आणलाच होता.

मनकर्णाबाई डब्यापाशी बसल्या. ‘उघडू नये’ची चिठ्ठी गेली होती. तिच्या जागी लिहिलं होतं, ‘आधी बटण बंद करा, मग उघडा’. त्यांनी नातवाकडून ते वाचून घेतलं, बटण बंद केलं आणि झाकण काढलं. जिभा दाबून वरचा भाऊ काढला, मग मधला. दोघांना पुढ्यात पाटावर मांडलं, तळातला जागीच राहिला. हळदीत बोट बुडवलं आणि बोट तसंच वर राहिलं.

प्रत्येक बोर्डाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचं एक गोल होतं. बाकी सगळा बोर्ड बारीक बारीक भागांनी गच्च भरलेला, आणि त्या गोलात मात्र काहीच नव्हतं.

"हे काय व? हे जागा अशी उघडी काहून सोडली?"

"ती तुमच्या कुंकवाची जागा आहे, काकू," चारुता म्हणाली. "तिथून एकही तार जात नाही. कितीही लावा."

मनकर्णाबाईंनी पदराने डोळे टिपले, बोट पुन्हा हळदीत बुडवलं आणि तिन्ही गोलांत हळद लावली, हळदीवर कुंकू लावलं. बोट गोलात अगदी नेमकं मावत होतं. मग त्यांनी मधला बोर्ड घेतला, कड चाचपली आणि दाबला. कट्. वरचा घेतला. कट्. झाकण लावलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. चारुताने डोळे मिटून घेतले. मग पट्टा हलला, पेले खडखडले, आणि बायांनी सोडलेलं पहिलं संत्रं डुलत डुलत आलं आणि आपल्या खणात पडलं. शेडमध्ये एकच गलका झाला. कोणीतरी चारुताला मिठी मारली, कोणीतरी तिच्या तोंडात पेढा कोंबला. दारातून नत्थुजींचा आवाज आला, "मले दोन पायजे अशे. पन गोल जरासे मोठे ठेवजो, माया घरवालीचं बोट जाड हाय."

मनकर्णाबाईंना दसऱ्याची पूजा अजून पुरी झाल्यासारखी वाटत नव्हती. त्या करंडा घेऊन उठल्या आणि चारुतासमोर उभ्या राहिल्या.

"हात दाव."

चारुताला वाटलं, सोनं देताहेत. तिने हात पुढे केला. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला, चटक्यांच्या डागांवरून अंगठा फिरवला, आणि मग विळ्यांना लावलं होतं तसंच तिच्या एकेका बोटाच्या टोकाला हळद-कुंकू लावलं.

"साऱ्या हत्याराची पूजा झाली," त्या म्हणाल्या, "अन् हेच राह्यलं होतं."

चारुता तिथेच रडली. चारचौघांत, शेडच्या मधोमध, चष्मा कपाळावर ठेवून. आणि रडता रडता तिला इतकं बरं वाटत होतं, की थांबावंसं वाटेना.

गाडीत तिने तो हात मांडीवर उताणा ठेवला होता. तिकीट डाव्या हाताने घेतलं म्हणून कंडक्टर कुरकुरला. राजापेठेत उतरली तर समोरून क्लासचे मालक सोनं वाटत येत होते. त्यांनी आपट्याची पानं पुढे केली आणि सवयीने म्हणाले, "मॅडम, तुमची खुर्ची—"

"द्या सर ती आता कोणालातरी," चारुता म्हणाली, आणि तिने पानं डाव्या हाताने घेतली. सणासुदीला डावा हात पुढे केला म्हणून मालकांचा चेहरा पडला. तिने उजवा हात उघडून त्यांना दाखवला आणि हसत हसत घराचा जिना चढली.